कुंभार गल्लीत आषाढातच जा

कोल्हापूरला आपण जातो ते गूळ घेऊन मार्केट यार्डात, नाही तर अंबाबाईच्या दर्शनाला. पुढच्या खेपेला दोन घटका काढा आणि कुंभारांच्या वस्तीतून फिरून या. देवळापासून चालत जाण्यासारखी पापाची तिकटी आणि गंगावेश, एस. टी. स्टँडच्या अंगाला शाहूपुरीची कुंभार गल्ली. मार्केट यार्डाकडे बापट कॅम्प. कोठेही गेलात तरी ओल्या मातीचा वास तुम्हाला वाट दाखवील.

आपल्या घरच्या सणांचे वर्ष या गल्ल्यांत आधीच सुरू झालेले असते. बेंदराला बैलजोडी, नागपंचमीला नागोबा, चतुर्थीला गणपती आणि दिवाळीला मुलांच्या किल्ल्यावरचे मावळे. ज्याच्या गोठ्यात आता बैल नाही, दारात ट्रॅक्टर आहे, त्याच्याही घरी बेंदराला मातीची जोडी पाटावर बसते आणि तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात.

मातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा? काळे रान तापले की भेगाळते, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. मूर्तीचेही तसेच. गणपतीची शाडू ही बारीक, पांढुरकी माती मुख्यतः गुजरातेतून येते. मूर्ती उन्हात घाईने वाळवली तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. म्हणून ती सावलीत, सावकाश वाळवावी लागते. पावसाळी हवेत तर फारच दिवस जातात.

प्लॅस्टरला ही कटकट नाही. चोपण जमीन सुधारायला आपण जे जिप्सम टाकतो, तेच भाजून प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पूड होते. पाण्यात कालवून साच्यात ओतली की अर्ध्या तासात घट्ट. पण रानात टाकलेली भुकटी वेगळी आणि रंग चढवलेला टणक गोळा वेगळा. तो विहिरीत, ओढ्यात लवकर विरघळत नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तींसाठी नैसर्गिक मातीचा आग्रह धरला.

आता पंचगंगेचे ऐका. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्या वर्षी चतुर्थी होती अनुक्रमे २ आणि १० सप्टेंबरला. म्हणजे मूर्ती फळ्यांवर वाळत असतानाच कुंभार वस्तीत पाणी शिरले. हाताशी आलेला ऊस पाण्याखाली गेला की काय वाटते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. कच्ची मूर्ती पाण्यात राहिली की तिचा पुन्हा चिखल होतो. मग उरलेल्या दिवसांत मातीचे काम उभे करणे कठीण. गिऱ्हाईक मात्र दारात उभे असते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मातीच्या मूर्तीला वेळ लागतो, आणि तो वेळ कुंभाराला आपणच देऊ शकतो. बेंदराची बैलजोडी घ्यायला जाल तेव्हाच गणपती सांगून या. थोडी उचल द्या, तिच्यातून माती खरेदी होते. मूर्ती वीतभर, फार तर हातभर सांगा. लहान मूर्ती लवकर वाळते आणि पूर आलाच तर उचलून माळ्यावर नेता येते. तैलरंग नको, पाण्यात मिसळणारे रंग द्या, हेही तेव्हाच बोलून घ्या.

विसर्जन घरीच बादलीत करा. शाडू तळाशी बसली की वरचे पाणी निथळून काढा आणि माती वाळवून ठेवा. पुढच्या आषाढात जाताना ती पिशवीत घालून कुंभाराकडे न्या. भिजवली की तीच माती पुन्हा कामाला येते.