हाताच्या मापाचं पिस्तूल

४ ऑगस्ट २०२४, रविवार

पंचगंगेचं पाणी उतरायला लागलंय, पण गावात पुराची चर्चा कुणी करत नाही. गुरुवारी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं आणि राधानगरी तालुक्याचं नाव जगभर गेलं. चहाच्या टपरीवरही 'थ्री पोझिशन' म्हणजे काय ते लोक एकमेकांना समजावून सांगतायत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता स्वप्नील. कोल्हापूरला कुस्तीइतकीच नेमबाजी आपली वाटायला लागली, याचा मला फार आनंद आहे.

आमच्या लेकीचा प्रकार वेगळा. दहा मीटर एअर पिस्तूल. आज सरांनी मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "आता क्लबच्या पिस्तुलावर भागणार नाही. तिचं स्वतःचं बघा." क्लबचं पिस्तूल चौघांत फिरतं. प्रत्येकजण आपापल्या डोळ्याप्रमाणे साइट फिरवतो, आणि ग्रिप आहे मीडियम मापाची. पोरीचा पंजा लहान. ट्रिगरवर बोट पोचवायला ती तळहात थोडा वळवून घेते.

६ ऑगस्ट, मंगळवार

दुसऱ्या पाळीहून आलो आणि वही घेऊन बसलो. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट मापात आल्याशिवाय मला कळत नाही.

कार्डावरचं काळं वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचं. त्याच्या आत दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. छरा साडेचार मिलिमीटरचा, आणि रेषेला शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण ३०० मिलिमीटर धरलं, तर पुढची साइट मागच्या खाचेत दशांश मिलिमीटर बाजूला सरकली की दहा मीटरवर तिचे ३.३ मिलिमीटर होतात. एक सूत, वर थोडं. पाव मिलिमीटर सरकली की दहा गेलाच.

हात हलतो त्याची एवढी भीती नाही. अख्खा हात सरळ तीन मिलिमीटर बाजूला गेला, तर छराही तीनच मिलिमीटर बाजूला जातो. मनगट वळलं की मात्र घात. तेच मनगट पोरगी रोज वळवून धरते, कारण लाकूड तिच्या हाताचं नाही. सर काय म्हणत होते ते आज कागदावर दिसलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं. आज केशवरावांची जयंती. वडील मला तिथं पहिलं नाटक बघायला घेऊन गेले होते. पिस्तुलाचा विषय आज घरात कुणी काढला नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पहिली पाळी करून गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो. लेक बरोबर होती. भिंतीला बारा बोअरच्या बंदुका, कपाटात काडतुसांचे खोके, आणि टेबलावर लायसन्सच्या नोंदीचं जाडजूड रजिस्टर. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक बाळगणारे. विधानसभेची आचारसंहिता लागली की बंदुका पुन्हा पोलीस ठाण्यात जमा करायच्या, यावर दोघं वैतागून बोलत होते.

दुकानदार वयस्कर, जुन्या वळणाचे. आधी पोरीलाच विचारलं, "बाळ, काय मारतीस?" तिनं गुण सांगितले तशी त्यांनी खुर्ची पुढं केली. कायद्याचं मात्र मला नीट समजावलं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ताकद असेल तर लायसन्स लागत नाही. स्पर्धेची एअर पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच खाली असतात. ओळखपत्र द्यायचं, बिल जपून ठेवायचं.

त्यांनी एक स्प्रिंगचं एअर पिस्तूल काढून दाखवलं. अंगणात डबे पाडायला बरं. पण आत स्प्रिंग सुटते तेव्हा अख्ख्या पिस्तुलाला झटका बसतो आणि छरा नळीतून बाहेर पडायच्या आत नेम हलतो. पोरीनं ते हातात घेऊन आदरानं परत ठेवलं. काका म्हणाले, "तुमचं काम माझ्याकडं व्हायचं न्हाई. पुण्याला जावा, आणि पोरीला घेतल्याशिवाय जाऊ नका." हातातलं गिऱ्हाईक असं सरळ वाटेला लावणारा दुकानदार आता कुठं भेटतो?

१७ ऑगस्ट, शनिवार

पहाटेच्या एसटीनं पुणं. दुकान एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, आणि मागं दहा मीटरची एक लेन. तिथं सगळी नावं पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिली. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्दिनी, जर्मनीचं वाल्थर. नळीखाली हवेचं सिलिंडर, दोनशे बार दाबाचं. छरा सुटला तरी हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. नवीन कुठलंही घ्या, दोन लाखांच्या आसपास.

मला स्टायर आवडलं. ट्रिगर यांत्रिक. दुकानातल्या मुलानं बाजूचं कव्हर काढून दाखवलं, आणि मी तिथंच रमलो. दोन छोटे पोलादी भाग, एकाची धार दुसऱ्याच्या खाचेत अडकलेली. पहिल्या टप्प्यात बोट मोकळी ओढ संपवतं, दुसऱ्या टप्प्यात ती धार निसटते. ते घासकाम बघून मन भरलं. बिघडलं तर कुठं बघायचं हे मला कळलं असतं. मोरिनीचा ट्रिगर विजेवर चालतो. बॅटरी, सर्किट, आणि बोटाखाली काच तुटावी तसा स्वच्छ झटका. पण त्याच्या आत डोळ्यांना दिसण्यासारखं काही नाही.

नियम दोन्हींना एकच. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावायचं आणि पिस्तूल वर उचलायचं. वजन उचललं जाण्याआधी ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. एकूण वजन दीड किलोच्या आत, आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.

सरांनी सांगून ठेवलेली परीक्षा पोरीनं स्वतः घेतली. पाय रोवले, पिस्तूल धरलं, डोळे मिटले, हात वर नेला, आणि हात थांबल्यावर डोळे उघडले. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली, दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट असली, तर पिस्तूल हाताचं. स्टायरला दर वेळी साइट डाव्या फटीला चिकटलेली. लहान ग्रिप लावल्यावर सुधारलं, पण पुरतं नाही. मग तिनं मोरिनीचं आखूड नळीचं मॉडेल घेतलं, स्मॉल ग्रिपचं. डोळे उघडले आणि काही न बोलता माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच, साइट मधोमध.

आखूड नळीला माझा आक्षेप होता. दोन साइट्समधलं अंतर कमी झालं की माझ्या वहीतला हिशेब आणखी कडक होतो, तीच चूक कार्डावर मोठी दिसते. तो मुलगा म्हणाला, "काका, त्यांना बराच वेळ धरून उभं राहू दे." पोरीनं लांब पिस्तूल धरलं, थोड्या वेळानं टोक खाली झुकायला लागलं. आखूडाचं वजन मनगटाजवळ राहतं, ते झुकलं नाही. मॅच साठ शॉटची, वेळ ७५ मिनिटं. शेवटच्या वीस शॉटना खांदा काय म्हणतो त्याला महत्त्व. साइट सरळ राहिली तर मोठं होऊन दिसायला चूक उरतेच किती?

परतीच्या गाडीत ती झोपली. मी स्टायरचाच विचार करत होतो, हे इथं लिहून ठेवतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

क्लबमधला एक मुलगा आपलं पिस्तूल विकतोय, अर्ध्याच्या आसपास किमतीत. निगा चांगली, नळी स्वच्छ. मी सिलिंडर काढून त्यावरची तारीख वाचली : २०१५. सिलिंडरची मुदत बनवल्यापासून दहा वर्षं. म्हणजे पुढच्या वर्षी दोन्ही सिलिंडर बाद, नवे परदेशातून मागवायचे. मुदत संपलेल्या सिलिंडरची जबाबदारी नियमानं खेळाडूवरच असते. दोनशे बारची हवा पोरीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असणार, तिथं मी पैसे वाचवणार नाही. त्या मुलानंही ते मानलं. जुनं पिस्तूल घेणाऱ्या प्रत्येकानं नळीच्या आधी ती तारीख वाचावी.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पैशाचं आज ठरलं. भिशी या महिन्यात आमची, ती उचलायची. उरलेलं कामगार पतसंस्थेकडून. हिनं स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम पुढं ढकलायला स्वतःहून सांगितलं. मी तिला परत विचारलं, तर म्हणाली, "ओटा कुठं पळून चाललाय? तिची वर्षं चालल्यात."

आईला 'पिस्तूल' या शब्दाचीच धास्ती. घरात आणायचं म्हटल्यावर गप्प बसली. मग लेकीनं तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं : कुलपाची पेटी, छरे वेगळ्या कपाटात, नळीत कायम नारिंगी दोरी म्हणजे आत छरा नाही हे लांबूनही दिसतं, आणि रिकामं असलं तरी माणसाकडं कधीही रोखायचं नाही. आई म्हणाली, "मग खंडेनवमीला पुजायला काढायचं." ठरलं.

मनू भाकरचं उदाहरण सरांनी आज दिलं. २०२१ मध्ये टोकियोला पात्रता फेरीतच तिच्या पिस्तुलात बिघाड झाला, मिनिटं वाया गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीच मुलगी पॅरिसला दोन ब्राँझ घेऊन उभी राहिली. सरांचं म्हणणं, यांत्रिक असो की विजेचं, बिघडणारच नाही असं यंत्र नसतं. सुटे भाग कुठं मिळतात आणि दुरुस्त कोण करतं, हे घ्यायच्या आधी विचारा. मी पुण्याला फोन केला आणि ट्रिगरचं युनिट, वॉशर, बॅटरी, सगळ्याची चौकशी केली. उत्तरं पटली.

रात्री पोरीला सांगितलं, मोरिनी घेऊ. आतलं मला दिसो न दिसो. ट्रिगरवर बोट तिचं असणार आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

आणलं. ओळखपत्राची प्रत दिली, बिल घेतलं, नंबर पेटीवरच्या नंबराशी ताडून पाहिला, दोन्ही सिलिंडरांवरच्या तारखा वाचल्या. सपाट तोंडाच्या छऱ्यांचे डबे घेतले. हे छरे कार्डाला गोल, स्वच्छ भोक पाडतात म्हणून गुण मोजायला वाद होत नाही. येताना ती पेटी मांडीवर घेऊन बसली. मी उचलतो म्हटलं तरी दिली नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या धांदलीत रेंज बंद होती. काल गौरी आल्या, घरात पाहुणे. तरी संध्याकाळी आम्ही दोघं माडीवर जाऊन ग्रिप घेऊन बसलो.

तिनं तळहाताला पावडर लावून पिस्तूल घट्ट धरलं आणि सोडलं. अक्रोडाच्या लाकडावर जिथं पावडर लागली तिथं हात टेकतो. करंगळीखाली आणि तळव्याच्या खळग्यात लाकूड कोरं होतं. तिथं एम-सील मळून भरलं, हातावर पातळ प्लास्टिक घेऊन तिनं परत पकडलं आणि ते ओलं असतानाच बोटांचा ठसा उठला. सुकल्यावर मी बारीक कानशीनं कडा मारल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डाय घासल्या, पण इतकं जपून कधी घासलं नव्हतं. लाकूड एकदा गेलं की गेलं, म्हणून दोन घाव घालून थांबायचो, ती धरून बघायची, डोळे मिटून हात उचलायची, सांगायची, "अजून थोडं, अंगठ्याच्या बाजूला."

सरांचा निरोप आहे की पुढचा महिनाभर गुण मोजायचे नाहीत. कार्ड उलटं लावायचं, पांढऱ्या कोऱ्या बाजूवर मारायचं, लक्ष फक्त पुढच्या साइटवर. मावळणकर स्पर्धेचं मग बघू म्हणाले. अंगठ्याखालचा उंचवटा अजून अर्धा मिलिमीटर जास्त वाटतोय. परवा पहिली पाळी आहे, दुपारी तो उतरवायचा आणि मग रेंजवर नेऊन बघायचं.