मंडीचे चार आकडे, एक तारीख

उज्जैनच्या चिमनगंज मंडीत सोयाबीनचा दिवसभराचा लिलाव संपला की चार आकडे हाती येतात: आवक, किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव. आवक क्विंटलमध्ये, भाव रुपयांत. एकके वेगळी असल्यामुळे हे चारही एका चौकटीत कोंबू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे २०२४च्या खरिपाचे आकडे मांडतानाच मत बनले.

एक्सेलमध्ये एक सोपी सोय असते: डाव्या अक्षावर आवक, उजव्या अक्षावर भाव. ती टाळलेली बरी. दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात हे तिथे बाजार ठरवत नाही. अक्ष कुठून सुरू केला यावर ते ठरते. अक्ष जरा सरकवला की तीच आवक भाव पाडताना दिसते, नाहीतर निरुपद्रवी वाटते.

त्याऐवजी एकाखाली एक असे दोन आलेख काढून तारखांचा अक्ष समाईक ठेवला. खाली आवकेचे स्तंभ, शून्यापासून. वर प्रत्येक दिवसाला किमान ते कमाल भावाची उभी रेघ आणि तिच्यावर सर्वसाधारण भावाचा ठिपका. खरी माहिती या रेघेतच असते. ती लांबली की मालाच्या प्रतीत तफावत आहे असे समजावे: ओला, काडीकचऱ्याचा माल खाली, वाळवलेला आणि चाळलेला वर. ठिपका तळाशी गेला तर त्या दिवशी बहुतेक माल हलक्या भावानेच गेला. वरच्या आलेखात २०२४च्या हमीभावाची, म्हणजे क्विंटलला ४,८९२ रुपयांची, आडवी रेघ ओढली की वेगळे भाष्य लागत नाही. त्या ऑक्टोबरात ठिपके तिच्या खालीच रेंगाळत होते. दिवाळीत मंडी बंद असते, तिथे जागा मोकळी सोडावी. ठिपके रेषेने जोडले तर लिलाव न झालेल्या दिवसालाही भाव चिकटतो.

आवक वाढली की भाव पडतो का, एवढेच विचारायचे असेल तर तारीख बाजूला ठेवून आडव्या अक्षावर आवक, उभ्यावर भाव घ्यावा आणि दर दिवसाला एक ठिपका द्यावा. वर्तुळाच्या आकारातून आणखी एक आकडा दाखवणारा बबल चार्ट दिसतो छान, पण वर्तुळांच्या क्षेत्रफळांची तुलना डोळ्याला नीट जमत नाही. संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ साली लावलेल्या क्रमानुसार समान मापावरची स्थिती माणूस सर्वांत अचूक वाचतो; कोन आणि क्षेत्रफळ त्यानंतर.

कोणता आकडा काढायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. आलेखांचा प्रणेता विल्यम प्लेफेअर याने १८२१ मध्ये गव्हाचा भाव, कारागिराची मजुरी आणि राजांच्या कारकिर्दी एकाच पटावर मांडल्या. पट देखणा आहे. पण गहू मजुरीच्या मानाने स्वस्त झाला, हे त्याचे म्हणणे त्यातून चटकन कळत नाही. एका मापाच्या गव्हाला किती आठवड्यांची मजुरी लागते, हा एकच आकडा रेषेने काढला असता तर कळले असते. सोयाबीनलाही तेच लागू: अनेक हंगामांत हमीभावाशी तुलना करायची असेल तर भावाऐवजी दोहोंतला फरकच आलेखावर घ्यावा.