मुकुटबनच्या उन्हात वाळणारे लंगोट

वणी मागे पडली, की मुकुटबनच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळ्या मातीची शेते लागतात. गेल्या चैत्राच्या अखेरीस मी त्या रस्त्याने गेले, तेव्हा कापसाची शेवटची वेचणी उरकून पऱ्हाट्या बांधावर रचल्या होत्या आणि एखाद्या मोहाखालची जमीन पहाटे फुले वेचण्यासाठी झाडून स्वच्छ केलेली दिसत होती. सकाळचे दहाच वाजले होते, तरी एस.टी.च्या खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा लागत होता. या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात नवल असे कोणाला वाटत नाही.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातले मोठे गाव. जमिनीवर कापूस, तूर आणि ज्वारी. जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी. २०२२ साली येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून परगावची पुष्कळ कुटुंबे येथे राहावयास आली. तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे तेलंगण लागते. त्यामुळे बाजारात वऱ्हाडी मराठीबरोबर तेलुगू कानावर पडते, आणि पोडावरून आलेल्या कोलाम बायका आपसात कोलामी बोलतात. माझे जावई नोकरीनिमित्त येथे आले आणि लेकीचा संसार येथे मांडला गेला. तिचे बाळ चार महिन्यांचे झाले होते. बाळंतपण माहेरी झाले होते. आता बाळाचे घर बघावयाला मी निघाले होते.

माझ्याबरोबर एक भली मोठी पिशवी होती. तिच्यात बाळगुटीची मुळे आणि सहाण, ग्राइपवॉटरची बाटली, घरी धरलेले काजळ, मधाची शिशी, पावडरचा डबा, दुधाची बाटली, आणि मुंबईच्या भाच्याने पाठवलेला चाकांचा वॉकर असा सरंजाम होता. तळाशी जुन्या मऊ धोतरांचे शिवलेले दोन डझन लंगोट आणि लुगड्याची दुपटी होती. ती मी केवळ जागा भरण्यासाठी घातली होती. हल्ली डायपर असताना लंगोट कोण वापरणार, असे मला वाटले होते.

लेकीने पिशवी रिकामी केली आणि एक वही काढली. तिच्या पानांवर मधोमध रेघ मारून तिने दोन रकाने केले होते. डावीकडे ‘बाळाची गरज’ आणि उजवीकडे ‘आपली हौस’. दुकानात काही पाहिले, कोणी काही सुचवले, की ती वस्तू विचार करून एका रकान्यात जाई. माझी पिशवी बहुतेक सगळी उजवीकडे गेली. मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी तिची कारणे मी येथे नोंदवते, कारण घरोघरच्या आजी-आजोबांच्या पिशव्यांत साधारण याच वस्तू असतात.

काजळात शिसे असू शकते, आणि शिसे बाळाच्या वाढत्या मेंदूला अपाय करते. घरच्या काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बोटाबरोबर जंतू मात्र डोळ्यांत जातात. मध एक वर्षाच्या आत अगदी चाटणापुरताही देऊ नये, कारण त्यात कधीकधी असे जिवाणूबीज असते की ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करते आणि बाळ लुळे पडते. मोठ्या माणसाला तोच मध बाधत नाही. पावडरचे बारीक कण श्वासावाटे आत जातात. घामोळ्यांना पावडरीपेक्षा गार पाण्याने पुसून घेणे आणि सैल सुती झबले बरे. ग्राइपवॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने काढले आणि मूळच्या कृतीत चक्क मद्यार्क होता, हे मला लेकीकडूनच कळले. आताच्या बाटल्यांची कृती बदलली आहे. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे द्यावयाचे असते. पोट दुखून रडणारी बहुतेक बाळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप शांत होतात.

गुटीवर आमचा खटका उडाला. मी म्हटले, “तू याच गुटीवर वाढलीस.”

“आई, सहाणेवर किती वेढे उगाळले ते तू मोजतेस, पण त्या वेढ्यांत वेखंड किती आणि जायफळ किती उतरले, ते कोणाला ठाऊक? सहाण उकळून घेतली होती का?” ती म्हणाली. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुधाची बाटली तिने निमूटपणे बाजूला ठेवली. बाटली नीट उकळली नाही, तर बुचाच्या कडांत जंतू साठतात; वेळ पडली तर वाटी-चमचा पुरतो. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाची भुकटी आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी आहे, हे तिने सांगितले तेव्हा मी विचारात पडले. ज्या वस्तूची जाहिरातसुद्धा सरकारला नको वाटते, ती मी कौतुकाने घेऊन आले होते. वॉकरचेही तसेच. त्याने मूल लवकर चालत नाही. उंबरठ्यावरून, पायऱ्यांवरून गडगडते मात्र. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

मग तिने लंगोट बाहेर काढले, एक गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, “हे डावीकडे.” उन्हाळ्यात दिवसभर डायपर बांधून बाळाच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या. प्रवासापुरते आणि रात्रीपुरते डायपर ठेवून दिवसा लंगोट बांधावयाचे ठरले. पांढऱ्या सोन्याच्या या मुलखात बाळाच्या अंगाला शेवटी जुने सुतीच मानवले.

चौथ्या दिवशी दुपारी लू सुरू झाली. खिडक्यांना ओले पडदे लावले होते, तरी भिंती तापल्या होत्या. बाळ किरकिरत होते, ओठ चोखत होते. शेजारच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, “माय, लेकराले दोन चमचे पानी पाजा ना वं. कंठ सुकला असन त्याचा.” माझ्याही मनात तेच होते. मी चांदीची वाटी धुतली, उकळून गार केलेले पाणी घेतले आणि बाळाजवळ गेले. लेकीने माझा हात धरला.

“नको, आई. सहा महिने पाणीसुद्धा नको. माझ्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच आहे. त्याला तहान लागली की तो प्यायला येतो. पाण्याने पोट भरले तर दूध कमी पिईल.”

“या उन्हात? पोटच्या गोळ्याला तहानलेले ठेवतेस?” मी बोलून गेले. ती रडली. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पुष्कळ वेळ तेथेच उभी राहिले.

१९८१ च्या उन्हाळ्यात माझे पहिले मूल सव्वादोन महिन्यांचे होऊन गेले. हगवण लागली. दृष्ट काढली, अंगारा लावला, दूध तोडले आणि गुटी वाढवली. पाणी मी रोजच पाजत असे. सगळ्याच बायका पाजत. मीठ-साखरेच्या पाण्याने हगवणीतली माणसे वाचतात, हे डॉ. दिलीप महालनाबिस यांनी १९७१ मध्येच बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिले होते. आमच्या अंगणापर्यंत ते दहा वर्षांत पोहोचले नव्हते. माझ्या पाण्यानेच ते मूल गेले, असे मी म्हणत नाही. तसे कोणी सांगू शकणार नाही. पण त्या दुपारी हातातल्या वाटीकडे पाहताना मला ते आठवले. लेकीला हे मी कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. ती काही बोलली नाही. बाळाला माझ्या मांडीवर ठेवून माझ्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या. लेकीच्या आग्रहावरून मी माझी शंका त्यांना विचारली. त्या म्हणाल्या, “आजी, पाणी पुरते की नाही, हे बाळच सांगते. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी झाली, ती फिकट असली आणि बाळ हुशारीने पीत असले, तर काळजी नाही. लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडले किंवा अंग तापले, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. आणि पाणी बाळाच्या आईला पाजा.”

मग ते काम मी माझ्याकडे घेतले. डायपर फुगलेला दिसतो, पण त्यात किती वेळा ओले झाले ते कळत नाही. लंगोटाचे तसे नाही. ओला झालेला प्रत्येक लंगोट मी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकी आणि संध्याकाळी दोरी मोजी. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी आठ. कडक उन्हाने ते अर्ध्या तासात खडखडीत वाळत आणि निर्जंतुकही होत. लेकीला दर पाजणीच्या वेळी तांब्याभर पाणी किंवा ताक मी हातात देई. बाळ दूध थोड्या थोड्या वेळाने मागे, आणि ती देई. माझी धास्ती कोणाच्या उपदेशाने गेली नसती. ती त्या दोरीने घालवली.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी उन्हे कलल्यावर बाहेर पडलो. प्लास्टिकची झगझगीत खेळणी एका हातगाडीवर होती. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे. लेकीने दोन-तीन खेळणी उलटून पाहिली आणि ठेवून दिली. पुढे एक कोलाम आजीबाई बांबूच्या टोपल्या आणि सुपे घेऊन बसल्या होत्या. बांबूकाम हा कोलामांचा जुना व्यवसाय. वाळलेले लंगोट ठेवण्यासाठी आम्ही एक टोपली घेतली. कोणासाठी, असे त्यांनी विचारले. सांगितल्यावर त्यांनी टोपलीच्या कडेवरून हात फिरवला, एक कुसळ निघाले होते ते दाताने तोडून टाकले, आणि मगच टोपली आमच्या हाती दिली.

सहा महिन्यांनंतर काय द्यावयाचे, याचीही चर्चा वाटेत झाली. डब्यातल्या महागड्या पिठांची नावे तिच्या वहीत होती. मी म्हटले, “हे तुझ्या उजव्या रकान्यात टाक.” ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यांत तुरीचे घट्ट वरण आणि थोडे तूप घालावे, पुढे पालेभाजी आणि अंडे कुस्करून द्यावे, मीठ-साखर वर्षभर नको, फुटाणे-शेंगदाणे मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात. तिने ते माझ्या शब्दांत उतरून घेतले.

एक गोष्ट येथील पाण्याची. यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. अधिक फ्लोराइडने लहानपणी घडणाऱ्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे धरतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होते. तेव्हा बाळ पाणी पिऊ लागण्यापूर्वी आपल्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य केंद्रात चौकशी करता येते. जावयांनी नमुना दिला, तेव्हा मी तेथेच होते.

माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते, की आपण आणलेली वस्तू सुनेने किंवा लेकीने बाजूला ठेवली, म्हणजे आपल्याला बाजूला ठेवले असे नव्हे. खोबरेल तेलाने हलक्या हाताची मालिश मीच करीत होते, नाकाकानांत तेल न घालता. बाळाला मोबाइल दाखवावयाचा नाही, हे ठरले होते. दोन वर्षांपर्यंत तो मुळीच नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे किरकिरणाऱ्या बाळाला रिझवण्याचे काम सबंध दुपारभर माझ्या मांडीला आणि माझ्या बेसूर गाण्याला मिळाले. आणि ज्या तरुण आयांच्या हाती हे पान पडेल, त्यांनीही नकार देताना कारण सांगावे. कारण कळले, की म्हातारे माणूस ऐकते. त्याला थोडा वेळ लागतो.

निघण्याच्या दिवशी पिशवी पुष्कळ हलकी होती. वॉकर भंगारात गेला, काजळाची डबी मी स्वतः टाकली. गुटीची सहाण मात्र परत घेतली. माझ्या सासूबाईंची आहे, चंदन उगाळावयाला होईल. एस.टी. वणीच्या रस्त्याला लागली, तेव्हा लेकीचा फोन आला.

“आई, पोचलीस की कळव. आणि आज दुपारपर्यंत पाच झाले गं.”

“संध्याकाळी पुन्हा मोज,” मी म्हटले.