पंचमीची भरती

तारापूरला नोकरीला जायला निघाले आणि तारापूरला पोचले, ही माझी पहिली चूक.

1992 साल. कऱ्हाडहून लग्न होऊन पालघरला आले होते. दोन महिन्यांत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. बोईसर स्टेशनाबाहेर टमटमवाल्याला "तारापूर?" विचारलं, तो "बसा" म्हणाला, बसले. त्याने मला इमानदारीने तारापूरला नेऊन सोडलं. समोर किल्ल्याची भिंत, पलीकडे खाडी, खाडीपल्याड चिंचणी. कारखाना कुठेच नाही. तारापूर एमआयडीसी बोईसरला चिकटून आहे, 1969 पासून वीज देणारं तारापूरचं अणुकेंद्र किल्ल्यापासून बाजूला समुद्राकाठी आहे, आणि या साऱ्यांचं रेल्वे स्टेशन म्हणजे बोईसर, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला.

परवा एका लग्नासाठी बऱ्याच वर्षांनी बोईसरला गेले. डहाणू लोकलने. 2013 साली ती सुरू झाली तेव्हा आम्ही पुण्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पालघरचा जिल्हा झाला तोही 2014 साली, आमच्या माघारी. खिडकीतून बुलेट ट्रेनचे खांब दिसत होते, मुली मोबाइलवर गाडीची वेळ बघत होत्या, आणि मला उगाचच राग येत होता. इतकं सोपं?

आमच्या वेळी शटल होती. ती चुकली की पॅसेंजर, आणि पॅसेंजर म्हणजे वाटेल तिथे बाजूला उभी राहून एक्स्प्रेसना वाट देणारी मोठ्या मनाची गाडी. पालघर, उमरोळी, बोईसर. मधे एकच स्टेशन, पण लेटमार्क लागायला तेवढं पुरे.

त्या शटलमध्ये मावशी भेटली. सातपाटीहून पहिल्या एसटीने पालघरला यायची, पापलेटची पाटी दाराशी ठेवायची आणि पाटीला पाठ लावून बसायची. बाकीच्या बायका पदर नाकाला लावून आत सरकायच्या, म्हणून तिच्याजवळ नेहमी जागा असायची. मी तिथे बसू लागले ते निव्वळ जागेसाठी, हे आज कबूल करते. किल्ल्याची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की अख्खा डबा वळून बघू लागला. मग म्हणाली, "बाय, हितं गावाचं नाव नाय सांगायचं. कुणाकडं जायाचं ते सांगायचं."

पुढचं सगळं तिनेच शिकवलं. कुठल्या टमटमवाल्याकडे सुट्टे असतात, कोण भाडं ठरवून अर्ध्यात उतरवतो, पालघरच्या पाचबत्तीला नेमकं कुठे उभं राहायचं. पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी मी रोज उभी राहायचे. 14 ऑगस्ट 1942 च्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांचा तो स्तंभ. ते कुठले म्हणून एकदा विचारलं, तर सातपाटी, नांदगाव, मुरबे अशी गावं कानावर आली. माझ्यासाठी तोवर हे टमटमवाल्यांचे पुकारे होते.

आणि एक संध्याकाळ. जानेवारीत उमरोळीपाशी ओव्हरहेड वायर तुटली, गाड्या बंद. पालघरच्या टमटम तिप्पट पैसे मागत होत्या आणि तरी माणसं टपाला लोंबकळत होती. मावशी रिकामी पाटी काखोटीला मारून म्हणाली, "चल, मी खाडीनं जाते." बोईसरहून मुरब्याला, तिथून होडीने सातपाटी, सातपाटीहून पालघरची एसटी. शेजारच्या गावी जायला आधी समुद्र गाठायचा! मी नकाशाचा विचार करत होते, ती तिथीचा. "आज पंचमी. पावणेचारला भरली, आता उतरते हाय. पाय उचल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित मला त्या रात्री कळलं. पाचाची पाऊणपट पावणेचार. अष्टमीला सहा. पोचलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. होडी धक्क्याला लागेना. मावशीने माझ्या चपला काढून स्वतःच्या पाटीत टाकल्या आणि माझा हात धरून गुडघाभर गाळातून चालवत नेलं. मी कृष्णाकाठची. पाणी एका दिशेने जातं एवढंच मला ठाऊक. ही खाडी दिवसातून दोनदा आत येते, दोनदा बाहेर जाते आणि गावांमधलं अंतर रोज बदलते. होडी दहा माणसांची, बसलो पंधरा. पलीकडे सातपाटीचे दिवे आणि वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास. कुणीही बोलत नव्हतं. माझ्या मांडीवर तिची पाटी, पाटीत माझ्या चपला.

घरी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. कुठून आलीस, कशी आलीस, कुणी विचारलं नाही. भात कोण लावणार होतं, एवढंच विचारलं. चपलांना पुढे आठवडाभर माशांचा वास येत होता आणि मी त्या मुद्दाम उंबऱ्याच्या आत ठेवत होते.

पुढे अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच उठली. गाव उठल्यावर तिथे जायची वाट विचारायची तरी कशी, आणि कुणाला? मावशीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण तोवर मी पुण्यात होते. तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. परवा लग्न आटपून सातपाटीला जाऊन आले. बंदरावरच्या बायकांना काय सांगणार? पाटीला पाठ लावून बसायची, मोठ्याने हसायची. त्यातली एक म्हणाली, "ताई, इथं सगळ्याच तशा."

पुण्यातल्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. मुळा-मुठेला भरती नसते, तरी सकाळी माझी नजर तिथीवर जाते आणि पाऊणपट होऊन जाते. काल सून म्हणाली, "आई, पावणेचार झाले, चहा टाकू?" पंचमी होती.

"टाक," म्हटलं. "भरली आता."