स्पीड कोण खातंय?

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. फाइल ६ जीबीची. स्क्रीनवर लिहिलेलं, ‘३ तास २० मिनिटं शिल्लक’. आणि मुंबईच्या क्लायंटने दिलेली वेळ? साडेसात!

अशा वेळी माणूस काय करतो? राउटर बंद करून चालू करतो. केला. वायफाय सोडून केबल लावून बघतो. लावली. इंटरनेट कंपनीला फोन करून ‘मराठीसाठी दोन दाबा’ करतो. दाबलं. तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडून लाइन ओके आहे.’ हे वाक्य त्यांना ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी पाठ करून घेत असणार, अशी माझी तेव्हा खात्री होती. (बिचारा खरं बोलत होता, हे नंतर कळलं.)

मग माणूस पुढची गोष्ट करतो. आजूबाजूला बघतो आणि चोर शोधतो.

आमचं ऑफिस म्हणजे एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला. खाली मालकीणबाई राहतात, त्यांना सगळे काकू म्हणतात. वर १३ टेबलं आणि १३ फ्रीलान्सर. ट्रान्सलेटर, डिझायनर, एक टॅक्सवाले, आणि मी, मुलाखतींचे व्हिडिओ आणि लेख करणारी, टेबल नंबर दोन. कोपऱ्यात, जिन्यालगत, सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी भाड्याचं टेबल आहे. तिथे साताऱ्याहून आलेला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्या स्क्रीनवर कायम कुठली तरी अपलोडची पट्टी सरकत असते. पुरावा आणखी काय हवा?

मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अरे, तुझं टोरेंट जरा बंद करशील का? इथे बाकीच्यांनाही कामं असतात.’

तो काहीच बोलला नाही. केबल काढली, लॅपटॉप उचलला आणि बाहेर जिन्यात जाऊन फोनच्या हॉटस्पॉटवर काम करत बसला. माझ्या पट्टीवरचा आकडा? ३ तास ५ मिनिटं. म्हणजे तो गेल्यानं काही फरक पडला नव्हता. पण हे मला तेव्हा दिसलंच नाही. रागात गणित जमत नाही हो!

फाइल रात्री नऊनंतर पोचली. क्लायंटने त्या आठवड्यात जुनाच एपिसोड लावला आणि पुढच्या महिन्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं. असो.

सोमवारी मी माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती हिंजवडीत नेटवर्क सपोर्टला आहे, नाइट शिफ्ट करते, आणि सकाळी सातला घरी जाताना आमच्याकडे चहाच्या बोलीवर आली. तिचं पहिलं वाक्य, ‘ताई, आधी चिडणं बंद कर. मग मोजू.’

मोजायचं म्हणजे एकदा स्पीड टेस्ट मारून स्क्रीनशॉट काढायचा नाही. तिनं माझा लॅपटॉप आधी थेट कंपनीच्या राउटरला लावला. १९० एमबीपीएस! आमची लाइन २०० ची आहे. मग तोच लॅपटॉप, तीच केबल, पण मध्ये आमची फायरवॉलची डबी. २०. पुन्हा केलं, २०. तिसऱ्यांदाही २०, एका रेषेत. ऑफिसात तेव्हा आम्ही दोघीच होतो, त्यामुळे कोण काय खातंय हा प्रश्नच नव्हता.

धाकटी हसली. ‘खरी गर्दी असली ना, की ग्राफ वेडावाकडा येतो, वर खाली. इतका सपाट आणि इतका गोल आकडा आला, की समज तो कुणीतरी हातानं टाकलाय.’

हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. तुमच्या ऑफिसात इंटरनेट रडत असेल तर सकाळी कुणी नसताना मोजा आणि भर दुपारी मोजा. एकट्यानं मोजल्यावर १०, २०, ५० असा आकडा येऊन तिथेच चिकटून बसला, तर केबलला शिव्या देऊ नका. कुठे तरी नियम लिहिलेला आहे.

तो नियम बघायला पासवर्ड हवा. तो काकूंच्या डायरीत, दुधाच्या हिशेबाच्या पानावर सापडला. डबी बसवणारा माणूस आता फोन उचलत नाही.

फायरवॉलमध्ये ‘पॉलिसी’ असतात. विम्याच्या नव्हेत! एकाखाली एक लिहिलेले नियम. कुठून आलेला डेटा, कुठे चाललाय, सोडायचा की अडवायचा, आणि सोडायचा तर किती वेगानं. फायरवॉल वरून खाली वाचत येते, पहिला जुळणारा नियम लावते आणि तिथंच थांबते. त्यामुळे खाली कितीही छान नियम लिहा, तिथपर्यंत पोचायला तर हवं. आमच्याकडे सगळ्यात शेवटी एक नियम होता, ‘व्हिडिओ कॉल, प्राधान्य’. त्याच्यापुढे हिट काउंट शून्य. म्हणजे तो लिहिल्यापासून एकदाही वापरला गेला नव्हता. कारण त्याच्या वरच ‘सगळे, सगळीकडे’ असा नियम बसलेला. आणि त्या नियमाला लावलेला शेपर, म्हणजे वेगावरचा लगाम, २० एमबीपीएस. शेअर्ड.

या ‘शेअर्ड’मध्येच सगळी गोम होती. लगाम दोन प्रकारे लावता येतो. प्रत्येक मशिनला वेगळा, किंवा त्या नियमातून जाणाऱ्या सगळ्यांना मिळून एक. आमचा दुसरा होता. टाकीत पाणी भरपूर, पण खाली येणारा पाइप एकच, आणि त्यावर १३ नळ. शुक्रवारी संध्याकाळी पाचेक जण काम करत होते, म्हणून माझ्या वाट्याला ४ आले. ६ जीबी म्हणजे ४८ हजार मेगाबिट, भागिले ४... ३ तास २० मिनिटं. स्क्रीनवरचा आकडा अगदी प्रामाणिक होता.

‘पण मग कुणाचंच बंद का नाही पडलं? सगळ्यांचं नुसतं हळू का झालं?’ मी विचारलं.

यावर तिनं चहा पिता पिता एक गोष्ट सांगितली. ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली युनिव्हर्सिटी यांच्यामध्ये अंतर फक्त ४०० यार्ड. त्या दोघांमधला डेटाचा वेग एकदम ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर आला. हजाराने नाही, बिट्सच! रस्ता भरला की प्रत्येक कॉम्प्युटर तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत भर घालत होता. व्हॅन जेकबसन नावाच्या संशोधकानं माइक कॅरल्ससोबत त्यावर काम केलं आणि १९८८ मध्ये उपाय मांडला. पाकीट हरवलं की समोर गर्दी आहे असं समजायचं आणि आपण होऊन मागे सरकायचं. तेव्हापासून कॉम्प्युटर असेच वागतात. आमच्या फायरवॉलनं २० च्या वरची पाकिटं अडवली किंवा टाकून दिली की तेराही लॅपटॉप निमूटपणे मागे सरकत होते. मागे सरकत नव्हते ते फक्त त्यांचे मालक.

मग दुरुस्ती. धाकटीनं शेअर्ड लगाम काढून प्रत्येक मशिनला ६० चा वेगळा लगाम लावला. टेस्ट म्हणून माझं अपलोड चालूच होतं. काही फरक नाही! मी लगेच निराश. ती म्हणाली, ‘थांब. हे अपलोड जुन्या नियमाखाली सुरू झालंय.’ बऱ्याच फायरवॉल एकदा सुरू झालेल्या सेशनला सुरुवातीचाच नियम लावून ठेवतात. ते सेशन तोडून नव्याने सुरू केलं, आणि ६० आले. ६ जीबी, साधारण १३ मिनिटं. मला शुक्रवार आठवला आणि पोटात कसंतरी झालं.

डाउनलोड मात्र अजून २० वर. कारण जायचा लगाम वेगळा आणि यायचा वेगळा. तो मी स्वतः बदलते म्हटलं. उत्साहात ‘६०’ टाइप केलं आणि सेव्ह केलं. तेवढ्यात टॅक्सवाले आले होते, ते ओरडले, ‘अहो, साइट उघडेना!’ त्या चौकटीत आकडा केबीपीएसमध्ये लिहायचा होता. ६०००० हवे होते, मी ६० लिहिले. म्हणजे आमच्या आयांच्या पिढीतल्या ५६ के डायलअप मोडेमचा स्पीड! भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या काळात आम्ही एरंडवण्यातले तेरा जण पाच मिनिटं जाऊन आलो.

लगाम पूर्ण काढूनच का टाकला नाही? मीही हेच विचारलं. कारण मग एकाचं मोठं अपलोड सगळी लाइन भरून टाकतं, राउटरमध्ये पाकिटांची लांबच लांब रांग लागते आणि दुसऱ्याचा कॉल अडखळतो. म्हणून एकूण मर्यादा तिनं १८० ठेवली, लाइनपेक्षा जरा कमी. रांग लागलीच तर आपल्या डबीत लागावी, तिथे कुणाला पुढे सोडायचं ते आपल्या हातात असतं. आणि कॉलचा नियम उचलून सगळ्यात वर ठेवला.

सगळं संपवून ती जुना नियम डिलीट करणार, तेवढ्यात त्याच्या शेऱ्याची चौकट उघडली. बसवणाऱ्यानं लिहिलेलं, ‘टेम्पररी. रिक्वेस्ट बाय डेस्क २. एप्रिल २०२२.’

डेस्क २ म्हणजे मी.

एकदम आठवलं. तेव्हा आम्ही पाचच जण होतो, लाइन ५० ची. आयपीएल सुरू होती, दुपारच्या मॅचला दोघं जण हेडफोन लावून बसायचे आणि माझ्या ऑनलाइन मुलाखती तुटायच्या. मीच काकूंकडे तणतणत गेले होते की बाकीच्यांना २० मध्ये बसवा, उरलेले ३० कॉलसाठी मोकळे ठेवा. काकूंनी माणूस बोलावला. नंतर लाइन २०० ची झाली, माणसं तेरा झाली. टेम्पररी नियम तसाच राहिला.

धाकटी काही बोलली नाही. तिनं महिन्याच्या वापराची यादी मात्र उघडून दाखवली. कोपऱ्यातलं टेबल शेवटून तिसरं होतं.

त्या दिवशी दुपारी मी त्याला खाली टपरीवर घेऊन गेले. शेरा, तारीख, सगळं सांगितलं. माफी मागितली, जमेल तशी. तो चहाचा ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘टोरेंट नव्हतं ताई. वाईच्या लग्नाचा व्हिडिओ होता. मी रात्री रूमवर जाऊनच पाठवतो नेहमी.’

‘नेहमी? अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?’

‘मला वाटलं, माझं भाडं कमी आहे म्हणून मला स्पीड कमी देतात.’

आठ महिने तो असं समजून चालला होता. कुणाला विचारलंही नव्हतं.

आता कोपऱ्यातल्या टेबललाही ६० आहेत, मी स्वतः मोजून दाखवले. नव्या नियमाच्या शेऱ्यात तारीख, कारण आणि पुन्हा तपासायचा महिना लिहिलाय. काकूंनी पासवर्ड दुधाच्या पानावरून पुसला आहे. काल संध्याकाळी वायफायची यादी उघडली, तर आमच्या नेटवर्कच्या खाली त्याच्या फोनचा हॉटस्पॉट अजून चालू दिसला.