मूळ कागद

‘‘लॅमिनेशन केलेला कागद चालत नाही.’’

हे वाक्य ऐकून बरेच महिने झाले, तरी आठवलं की माझं डोकं तापतं. खिडकीपलीकडच्या माणसाने ते काकांना ऐकवलं आणि काकांनी मान हलवून ऐकून घेतलं. मी बाजूला उभी होते.

काका चीता कॅम्पमधले, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. लहानपण जनता कॉलनीत गेलं. ट्रॉम्बे-मानखुर्दच्या माणसाला जनता कॉलनी समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पालिकेनेच शहरातून हलवलेल्या लोकांची ती वसाहत. भाभा अणुसंशोधन केंद्राला जागा हवी होती, म्हणून मे १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, ७० हजारांच्या आसपास माणसं तिथून उठवली आणि दलदलीच्या जागी आणून बसवली. तो आजचा चीता कॅम्प. जनता कॉलनी वाचावी म्हणून जोकिन अर्पुतम कोर्टापासून दिल्लीपर्यंत झगडले. त्यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, वसाहत मात्र राहिली नाही. जोकिन यांनी वस्तीतल्या पोरांना घेऊन न उचललेला कचरा पालिकेच्या दारात नेऊन टाकला होता, ती गोष्ट काका रंगवून सांगतात. आणि गोष्ट संपली की ठरलेलं वाक्य येतं, ‘‘पण शेवटी काय झालं? आपल्याकडं काय होत नाय, बाई.’’

हे ‘काय होत नाय’ मी त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आले. देवनारचं डम्पिंग बंद होणार अशी बातमी पेपरात आली की काका पेपरची घडी घालतात. ते डम्पिंग १९२७ पासून आहे, आपल्या आज्यापणज्यापासूनचं, ते काय आता हलतंय! गटाराचं काम निघालं, काय होत नाय. निवडणूक आली, काय होत नाय. मला त्याचा राग यायचा. मी शाळेत शिकवणारी बाई. मुलांना आयुष्यभर ‘प्रयत्न करा’ सांगितलं, आणि त्यातल्याच एकाच्या घरी हा सूर. पोरांच्या कानावर रोज हे पडलं तर ती उभी कशी राहणार, असं मी त्यांच्या तोंडावर बोललेही आहे.

तर ते खिडकीचं प्रकरण. काकांच्या वडिलांच्या नावाची दुरुस्ती करायची होती. एका कागदावर आडनावात एक अक्षर जास्त, दुसऱ्यावर नाही. तेवढ्यावरून मुलाच्या नावावर जागा करण्याचं काम अडलेलं. मुलगा कामावर, काकांचे डोळे अधू, म्हणून मी सोबत गेले.

आधी सांगितलं, झेरॉक्स चालणार नाही, मूळ आणा. घरी परत. मूळ कागद म्हणजे १९७६ साली जागा मिळाली तेव्हाचा, पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. २६ जुलै २००५ च्या पावसात काकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा भांडी, गाद्या, धान्य सगळं सोडून त्यांनी हा एक कागद डोक्यावर धरला होता. पाणी ओसरल्यावर पहिली गोष्ट केली ती त्याला लॅमिनेशन. घरात शिजवायला कोरडं धान्य नव्हतं आणि हा माणूस लॅमिनेशनच्या दुकानापुढे उभा होता. तोच कागद त्यांनी खिडकीतून आत सरकवला. आतल्या माणसाने तो नखाने वाजवून पाहिला, म्हणाला चालत नाही, आणि ‘‘हे कशाला केलंत?’’ असं विचारलं.

कशाला केलंत! माझ्या हातापायांना कंप सुटला. मूळ मागितलं, मूळ दिलं. ते जपलं नसतं तर ‘फाटलेला कागद चालत नाही’ म्हणाला असता. जपलं तर जपल्याचा गुन्हा. तो कागद ज्यांनी दिला, त्यांच्याकडे त्याची नोंद नको का? नोंद सरकारची, आणि सांभाळायची जबाबदारी दलदलीत आणून टाकलेल्या माणसाची? मी आवाज चढवला. मागे रांग होती, तिच्यातल्या दोघांनी मलाच गप्प केलं, ‘‘मॅडम, आमचंही काम आहे.’’ मी म्हटलं, चला काका, इथे काही होणार नाही.

हे वाक्य त्या दिवशी मी म्हटलं. आणि काका जागचे हलले नाहीत. त्यांनी पिशवी उघडली.

त्या पिशवीने मी थक्क झाले. दुहेरी प्लास्टिक, आत कापडी, आत फाइल. रेशनकार्डं, रद्द झालेलीसुद्धा. विजेची बिलं सालवार दोऱ्याने बांधलेली. आणि अर्ज. पाण्याच्या नळासाठी, रस्त्यासाठी, संडासाच्या दुरुस्तीसाठी, दिव्याच्या खांबासाठी दिलेले अर्ज, प्रत्येकाची प्रत, प्रत्येकावर पोच घेतल्याचा शिक्का. काही होत नाही म्हणणाऱ्या माणसाने सगळं आयुष्य अर्ज केले होते! त्यात लॅमिनेशनच्या आधी काढून ठेवलेली त्याच कागदाची साक्षांकित प्रत होती. खिडकीतल्या माणसाने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, साहेब मंगळवारी भेटतील. काका बाहेर आले, चपला सरळ केल्या आणि म्हणाले, ‘‘बघितलंत? बोललो होतो ना, काय होणार नाय. मंगळवारी किती वाजता निघायचं?’’

तेव्हापासून मी लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या हातांकडे बघते. ट्रॉम्बे कोळीवाड्यातली माझी मावशी, म्हणजे मासळी देणारी, तिचं रोजचं की खाडी मेली, मासळी उरली नाय. ऑगस्ट २०१० मध्ये दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, कोणी मासळीला हात लावेना, तेव्हा तर ती म्हणाली, आता संपलं. पण नारळी पौर्णिमेला तिने नारळ वाहायचा कधी चुकवला नाही, आणि जाळं फाटलं की तिच्या घरी अजून दुरुस्तीला घेतात. मेलेल्या खाडीसाठी कोण जाळं विणतं?

आपल्याकडे नकार बोलण्यात असतो, कारण होकार बोलून फजिती फार झाली आहे. बोललेली आशा मोडली की चारचौघांत मोडते. म्हणून माणसं ती पिशवीत ठेवतात.

असं मी लिहिते खरी, पण या आशेचं कौतुक करावं की नाही, हेही मला कळेनासं झालं आहे. या शहरात माणूस केव्हापासून राहतो ते कागदावरून ठरतं. झोपडीला संरक्षण द्यायची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली, पुढे पैसे भरून घर घेणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०११. दर वेळी लाखो पिशव्या उघडल्या जातात. माणसं एवढा धीर धरतात म्हणूनच खिडकीपलीकडे कोणाला घाई नसते. काकांनी एकदा तरी ओरडायला हवं होतं, असं मला वाटतं. आणि ते ओरडले असते तर साक्षांकित प्रत कोणी काढली असती, असंही वाटतं.

नावाची दुरुस्ती झाली. जागा मुलाच्या नावावर व्हायची बाकी आहे. काकांच्या मते ती होणार नाही. त्याचा अर्ज त्यांनी दिलेला आहे.

वाचणाऱ्यांना एकच सांगते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित झालेल्या सेवेसाठी अर्ज केला तर पोच आणि अर्जाचा क्रमांक मिळणं हा तुमचा हक्क आहे. काही होणार नाही असं खुशाल म्हणा, पण पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करण्याआधी दोन साक्षांकित प्रती काढून ठेवा.