आंबट द्राक्षांची बाजू

कुपवाड एमआयडीसीतल्या कोल्ड स्टोअरेजमध्ये बेदाण्याच्या बॉक्सांचा हिशोब ठेवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्या धंद्यात द्राक्षाची परीक्षा एकच : गोडी. रिफ्रॅक्टोमीटरवर बावीस-तेवीस ब्रिक्स दिसल्याशिवाय थॉमसन जातीचा घड शेडवर न्यायचा नाही. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो, आणि गोडी कमी असली की तोही वजनात मार खातो.

त्यामुळे वाइनबद्दलचं माझं मत ठाम होतं. उरलासुरला, अवकाळीत सापडलेला माल वाइनला द्यावा. फेसाळती केली तर भाव आणखी चांगला. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा हा मुद्दा मी चहाच्या गाड्यावर तावातावानं मांडायचो. (आई माळकरी, त्यामुळे घरात मांडायची सोय नव्हती.) जोडीला, शॅम्पेन तेवढी अस्सल आणि बाकी सगळ्या तिच्या नकला, हेही ऐकीव ज्ञान होतंच.

यातलं आता फारसं काही उरलेलं नाही. सुरुवात झाली दिंडोरीकडच्या एका बागेत. जानेवारीत शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षाची तोडणी चालू होती. एक मणी तोंडात टाकला आणि दात आंबले. ब्रिक्स अठराच्या आसपास. मी म्हटलं, अजून पंधरा दिवस थांबा की. तिथला माणूस हसला आणि म्हणाला, पंधरा दिवसांनी हा माल आमच्या कामाचा नाही.

हिशोब त्यानंच समजावला, आणि हिशोब म्हटला की मला लगेच पटतो. फेसाळती वाइन दोनदा आंबते. आधी साधी, पातळ, आंबट वाइन करायची. मग ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण चोवीस ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. आत पुन्हा आंबवण सुरू होतं, वायूला बाहेर वाट नसते, दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, आणि अल्कोहोलही सव्वा-दीड टक्क्यानं वाढतं. द्राक्षच तेवीस ब्रिक्सचं घेतलं तर पहिल्याच खेपेला अल्कोहोल इतकं होतं की दुसऱ्या खेपेला यीस्ट दमतं. शिवाय आपल्या उन्हात गोडी भरते तसा आंबटपणा झपाट्यानं उतरतो, आणि आंबटपणाशिवाय फेस म्हणजे नुसता गोळी सोडा.

शेवटी यीस्टचा गाळ काढायचं काम पाहिलं. बाटली उलटी, गाळ मानेशी जमलेला. मान थंडगार द्रवात बुडवतात, तेवढाच भाग गोठतो, बूच उघडलं की गाळाचा बर्फाळ खडा आतल्या दाबानं फट्‌कन बाहेर उडतो. मोजकी वाइन सांडते, तेवढी भरून घेतात.

शेनिनकडे मी आधी जुगाड म्हणून पाहत होतो. शॅम्पेनमधली शार्डोने, पिनो नुआर आपल्याकडे कुठून पुरणार, म्हणून हे चालवून घेतात, असा समज. पण फ्रान्समध्येच लुआर नदीकाठी वूव्रेला फेसाळती वाइन शेनिनचीच होते, आणि दक्षिण आफ्रिकेतही ही द्राक्षं या कामाला लावतात. मग नक्कल कुणाची? दक्षिण फ्रान्समधले लिमूचे लोक तर फेसाळत्या वाइनचा १५३१ सालचा दाखला देतात. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो डोम पेरिन्यों जन्मला १६३८ला.

इटलीच्या प्रोसेक्कोनं मला जास्त शिकवलं. ती बाटलीत नव्हे, पोलादी टाकीत दुसऱ्यांदा आंबते, म्हणून मी तिला स्वस्तातली समजायचो. पण ग्लेरा द्राक्षाचा वास नाजूक. गाळाबरोबर महिनोन्‌महिने ठेवलं तर पावासारखा वास वर येतो आणि फळाचा दबतो. टाकीची युक्ती मार्तिनोत्तीनं १८९५मध्ये काढली, शार्मानं १९०७मध्ये ती सुधारली. स्पेनची कावा मात्र बाटलीतलीच. आणि आस्ती! मोस्कातो द्राक्षाचा रस एकदाच आंबू देतात आणि सातेक टक्क्यांवर थंडी लावून यीस्ट झोपवतात. उरलेली साखर तशीच राहते. थंडीनं माल जागच्या जागी थांबवणं हा तर आमचा रोजचा धंदा. मला मनापासून आवडली ती हीच. जाणकार नाक मुरडतात, मुरडोत.

नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात पायपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीचं तंत्रसाहाय्य घेऊन ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन काढली आणि परदेशी पाठवली, हे उदाहरण मी पूर्वी छाती फुगवून द्यायचो : नारायणगावला जमलं, आमच्या पलूसला का नाही? राज्याच्या २००१च्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्क आला, नाशिकसारखं बस्तान बसलं नाही, आणि मी सगळं खापर सरकारवर फोडलं. सरकारचं काय ते असेलही. पण आपल्या भागात बागा लावल्या, छाटल्या, राखल्या त्या खायच्या द्राक्षासाठी आणि बेदाण्यासाठी, म्हणजे गोडीसाठी.

अवकाळीतल्या मालाचं तर विचारूच नका. मणी तडकला की बुरशी शिरते, आणि फेसाळत्या वाइनला घड धडधाकट, अख्खा, हलक्या हातानं दाबलेला लागतो. माझ्या योजनेतला माल नेमका त्यांच्या दारातून परत आला असता.

सुपरमार्केटात वाइन असावी असं मला आजही वाटतं. ज्याला प्यायची तो पितोच, मग चांगली तरी मिळावी. फक्त त्यासाठी तासगावच्या बेदाणावाल्याचं नाव मी आता पुढे करत नाही.